मेसमागचं अळू

डोंगराच्या पायथ्याशी एक विद्यापीठ होतं आणि त्या विद्यापीठात रेणुका वाघचौरे नावाची एक मुलगी शिकत होती. रेणुका हुशार होती, कष्टाळू होती, बोलायला लागली की समोरचा ऐकतच राही. फक्त एक गंमत होती. ती नेहमी दुसरी यायची. वक्तृत्वात दुसरी, निबंधात दुसरी, प्रश्नमंजूषेत दुसरी. एकदा तर संगीत खुर्चीतसुद्धा शेवटच्या खुर्चीवर भलतीच मुलगी बसली आणि ही उभी राहिली. तिच्या खोलीतल्या फळीवर ढाली ओळीने मांडलेल्या होत्या आणि सगळ्यांवर एकच शब्द कोरलेला होता: द्वितीय.

दर फेब्रुवारीत विद्यापीठात 'हिरवं आवार' नावाची स्पर्धा भरे. विद्यार्थ्यांनी जोडीने यायचं आणि आवारातल्या पाण्याची, विजेची किंवा अन्नाची नासाडी थांबवणारी एक कल्पना मांडायची. वेळ सात मिनिटं. त्यापुढे बोललं की घंटा. पहिली आलेली कल्पना विद्यापीठ उन्हाळ्याच्या सुट्टीत खरोखर अमलात आणे आणि फाटकाजवळच्या फलकावर त्या जोडीची नावं रंगवे. एक नियम मात्र कडक होता. अर्जात लिहिलेली कल्पना बदलायची नाही. बदलली किंवा मागे घेतली, की नाव बाद.

रेणुकाचं हे शेवटचं वर्ष होतं. त्या फलकावर नाव लावूनच फाटकाबाहेर पडायचं असा तिने चंग बांधला.

तिच्या वर्गातला निनाद तिचा जोडीदार झाला. निनाद तक्ते आणि चित्रं फार झोकात करायचा. दोघांनी मिळून मेसवर नजर टाकली. चारशे मुलं तिथे जेवत. तांदूळ धुतल्याचं, भाज्या धुतल्याचं, चारशे मुलांनी हात धुतल्याचं सगळं पाणी एका जाड पाइपात शिरे आणि भिंतीआड गडप होई. रेणुकाने आठ दिवस बेसिनांखाली बादल्या लावून ते पाणी मोजलं. मुलं तिला 'बादलीबाई' म्हणून चिडवू लागली. तिने चिडणं बाजूला ठेवलं आणि मोजणं चालू ठेवलं. आकडा आला तेव्हा तिचे डोळे चमकले. दिवसाला अठराशे लिटर पाणी वाया!

मग कल्पना ठरली. मेसच्या अंगणात जमिनीखाली टाकी बांधायची, छोटा पंप बसवायचा आणि हे पाणी मुख्य इमारतीपुढच्या हिरवळीला द्यायचं. ती हिरवळ दर उन्हाळ्यात पिवळी पडायची आणि कुलगुरूंना खिडकीतून तेवढंच दिसायचं.

पहिल्या फेरीत परीक्षक खूश झाले. त्यांच्यातले वडीलधारे म्हणजे सोनटक्के सर. आयुष्य पाटबंधाऱ्यांत गेलेला माणूस, निवृत्त झाला तरी पाणी दिसलं की थांबणारा. त्यांनी एकच प्रश्न विचारला. हे पाणी सध्या जातं कुठे?

"गटारात, सर," रेणुका बेधडक म्हणाली.

"छान. मग गुरुवारी अंतिम फेरीला त्या गटाराचा एक फोटो दाखवा."

निकाल लागला आणि रेणुका-निनादची जोडी सर्वांच्या पुढे होती. रेणुकाने गुणतक्ता तीनदा वाचला. पहिल्या ओळीत आपलं नाव कसं दिसतं हे तिने आजवर पाहिलंच नव्हतं.

बुधवारी दुपारी दोघं गटाराचा फोटो काढायला निघाली. पाइप मेसच्या भिंतीतून बाहेर पडला होता. तो सरपणाच्या खोलीमागून गेला, कुंपणाला चिकटून वळला आणि एका बुटक्या भिंतीपलीकडे उतरला. रेणुका भिंतीवरून वाकली आणि तशीच राहिली.

खाली गटार नव्हतंच. खाली अळू होतं. सुपाएवढी पानं, काळसर देठ, एकाला लागून एक, पार कुंपणापर्यंत. कडेने अकरा केळी उभ्या होत्या आणि एकीला घड लोंबत होता. पाइपातलं पाणी बारक्या चरांमधून प्रत्येक बुंध्याशी पोचत होतं. आणि मधोमध पदर खोचून शेवंतामावशी पानं कापत होत्या.

मेसचा स्वयंपाक करणाऱ्या शेवंतामावशींना सगळी मेस ओळखत होती. दर गुरुवारी मेसमध्ये अळूवडी असे आणि त्या अळूवडीसाठी मुलं शेवटचा तास बुडवत. रेणुका स्वतः एका बैठकीला सात वड्या खाई. ही पानं येतात कुठून, हा प्रश्न तिला तीन वर्षांत एकदाही पडला नव्हता.

"काय गं पोरी," मावशी म्हणाल्या आणि मग निनादला पाहून हसल्या. "आन् पोरा. वाट चुकला व्हय?"

रेणुकाने चाचरत विचारलं की इथलं गटार कुठे आहे.

मावशींनी विळा खाली ठेवला आणि सांगू लागल्या. दहा वर्षांपूर्वी त्या कामाला लागल्या तेव्हा इथे नुसता चिखल होता आणि डासांनी उच्छाद मांडला होता. मग त्यांनी माहेरून अळवाचे कंद आणले. पुढच्या वर्षी केळीचे दोन मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, लावले. चर काढले. पाणी मुरायला लागलं, डास गेले आणि मेसला पानं विकत आणावी लागली नाहीत. यात विशेष काय, असंच त्यांचं म्हणणं होतं.

"घरी न्हाय का मोरीच्या पाण्यावर आळू लावत? तसंच ह्ये."

रेणुकाची कानशिलं तापली. तिच्या घरीही मोरीमागे अळू होतं. लहानपणी त्याच्या पानावर पाण्याचा थेंब घेऊन तो न सांडता अंगणभर पळण्यात तिचे दिवस गेले होते. घरचं पाणी कुठे जातं हे तिला शेंबडी असल्यापासून ठाऊक होतं. विद्यापीठात आल्यावर मात्र पाइप म्हटला की पुढे गटारच असणार, असं तिने धरून टाकलं होतं.

मग तिने टाकीची कल्पना मावशींना सांगितली. सांगताना तिची नजर अळवावरून हलेना.  मावशींनी एका पानावरची माती बोटाने पुसली.

"न्या की पाणी," त्या म्हणाल्या. "पाणी काय माझं हाय? तुमी शिकलेली पोरं. समदं बघूनच ठरवलं असंल."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रेणुकाला ते शेवटचं वाक्य फार लागलं, कारण सगळं सोडाच, तिने अर्धंही पाहिलं नव्हतं.

परतताना निनादने डोकं चालवलं. रस्त्याकडेला हवं तेवढं गटार होतं. त्याचा फोटो टाकला की काम भागत होतं. परीक्षक काही पाइपात शिरून बघणार नव्हते. अळू काय, दुसरीकडेही लावता येईल. आणि पहिला नंबर अगदी हाताशी आला होता, तो असा सोडायचा का?

 रेणुकाला पहिला नंबर हवा होता, अगदी मनापासून हवा होता. चालता चालता ती फाटकाजवळच्या फलकापाशी थांबली. यंदाची जागा रंगाऱ्याने कोरी सोडली होती. तिथे आपलं नाव तिने मनातल्या मनात वाचून पाहिलं. मग त्या नावाखाली अळू नसलेली, वाळून गेलेली ती जागा तिला दिसली आणि नाव काही शोभेना.

"निनाद," ती म्हणाली, "आवारात पाच वसतिगृहं आहेत. त्यांचे पाइप शेवटपर्यंत बघून येऊ."

निनाद कुरकुरला. उद्या फेरी आणि आज वणवण, त्यातून नाव बाद होणार ते वेगळंच, असं त्याने पाचही वसतिगृहांच्या वाटेवर ऐकवलं. पण तो सोबत चालला आणि प्रत्येक पाइपाचा फोटो त्यानेच काढला. उन्हं कलली तेव्हा दोघांच्या चपलांना इंचभर चिखल होता. दोन ठिकाणी पाणी झाडांना जात होतं. तीन ठिकाणी मात्र ते खरोखर गटारात चाललं होतं. जाताना रेणुका मेसमध्ये डोकावली आणि मावशींना म्हणाली की उद्या सकाळी सभागृहात जरूर या.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. रेणुका व्यासपीठावर चढली. तिने अठराशे लिटरचा तक्ता दाखवला. मग पडद्यावर गटाराऐवजी अळू आलं, सुपाएवढ्या पानांचं, हिरवंगार. दाराशी दोन सोबतिणींबरोबर उभ्या असलेल्या शेवंतामावशी मोठ्याने म्हणाल्या, "आगं बया, ह्ये तर माझं आळू!" सगळ्या माना मागे वळल्या आणि मावशींनी तोंडाला पदर लावला.

"आकडा बरोबर आहे," रेणुका म्हणाली. "पण पाणी वाया जातं, हे मी न बघताच लिहिलं. मी पाइपाचं एकच टोक पाहिलं होतं. दुसऱ्या टोकाला या मावशींनी दहा वर्षांपूर्वीच ते काम करून ठेवलंय. माझी टाकी बांधली तर ही बाग मरेल. म्हणून मी माझी कल्पना मागे घेते."

सभागृहात कुजबुज झाली. सोनटक्के सरांनी चष्मा काढला.

"नियम माहीत आहे ना? नाव बाद होईल."

"माहीत आहे, सर."

"मग कशाला बोललात?"

"न बोलून काय करू, सर? तुम्ही पहिला नंबर दिला असता तर टाकी बांधावी लागली असती."

सभागृह हसू लागलं, सोनटक्के सर तर सर्वांत जास्त हसले. हसू ओसरेपर्यंत घंटेला दोन मिनिटं उरली होती. त्या दोन मिनिटांत रेणुकाने तीन वसतिगृहांची खरी गटारं दाखवली. तिथे टाकी नको, पंप नको, फक्त चर आणि कंद हवेत, आणि ते कसे लावायचे हे शिकवणारी व्यक्ती दाराशी उभी आहे, एवढं सांगून ती खाली उतरली. घंटा वाजायला अजून अर्धं मिनिट होतं.

निकाल लागला. पहिला क्रमांक पालापाचोळ्याचं खत करणाऱ्या मुलींना मिळाला. दुसरा क्रमांक पंख्यांची वीज वाचवणाऱ्यांना. रेणुकाचं नाव कुठल्याच ओळीत नव्हतं. आयुष्यात प्रथमच ती दुसरीसुद्धा आली नव्हती. तिने स्वतःलाच चिमटा काढून पाहिला, कारण वाईट वाटायला हवं होतं आणि ते काही केल्या वाटेना. उलट पोटात कावळे ओरडत होते आणि आज गुरुवार होता.

मेसमध्ये अळूवडीची एक रीत होती. पहिल्या घाण्याच्या वड्या रांगेत वाढायच्या नाहीत. त्यांतली एक देवापुढे ठेवायची आणि बाकीचं ताट त्या दिवशीच्या मानाच्या पाहुण्याला द्यायचं. त्या दिवशी पाहुणे होते सोनटक्के सर. शेवंतामावशी कढईजवळून ताट घेऊन निघाल्या. वड्या अजून चुरचुरत होत्या, तीळ आणि खोबरं वरून पेरलेलं होतं. सर सरसावून बसले. मावशी त्यांच्या टेबलाजवळ आल्या, त्यांना ओलांडून तशाच पुढे गेल्या आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या रेणुकाच्या हातात त्यांनी ते ताट ठेवलं.

 रेणुकाने ताटाकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"बरोबर आहे, मावशी," सोनटक्के सर म्हणाले. "आम्ही दुसऱ्या घाण्याचं खाऊ."

"सवय होते, सर," रेणुका डोळे पुसत म्हणाली. "मला विचारा."

मग जी हशाची लाट उठली, तिच्यात मावशींचं हसू सर्वांत वर ऐकू आलं. निनादने रेणुकाच्या ताटातल्या दोन वड्या उचलल्या आणि पाच वसतिगृहं पायी तुडवल्याचा हा आपला वाटा आहे असं जाहीर केलं. जेवण होताच सर उठून मेसमागे गेले आणि चरांचा उतार बघत पाऊण तास मावशींशी बोलत राहिले.

सरांनी शब्द टाकला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठाने तिन्ही गटारांपाशी चर काढले. कंद शेवंतामावशींनी दिले आणि कुठला किती अंतरावर लावायचा हे त्यांनी स्वतः उभं राहून सांगितलं. पावसाळा सरता सरता तिथे पानं डोलू लागली. मुख्य इमारतीपुढची हिरवळ अजूनही एप्रिलमध्ये पिवळी पडते, पण आता कुलगुरूंच्या टेबलावर गुरुवारी अळूवडी असते, त्यामुळे त्यांची तक्रार नाही. स्पर्धेच्या अर्जात मात्र एक नवा रकाना आला आहे: 'शेवटपर्यंत चालत जाऊन पाहिलं का?' तो भरल्याशिवाय अर्ज घेत नाहीत. रेणुकाच्या फळीवर ढालींच्या शेजारी अळवाचं एक वाळलेलं पान ठेवलेलं होतं. विद्यापीठ सोडताना ढाली तिने खोक्यात बांधल्या आणि ते पान मात्र हातात धरून नेलं.

तात्पर्य: एखादी गोष्ट वाया जाते असं म्हणण्याआधी ती कुठवर जाते ते स्वतः चालत जाऊन पाहावं, आणि आपली चूक दिसली, तर बक्षीस हुकलं तरी ती आपल्याच तोंडाने सांगावी.