फायरचा पाचवा अर्थ

एका गावात नदीकाठी मातीच्या भांड्यांची एक भट्टी होती. तिच्यावर आठ घरांचं पोट चालायचं. भट्टीची मालकीण हौसाबाई. नवरा गेल्यावरही तिने चाक बंद पडू दिलं नव्हतं. जाळ सांभाळायचे रखमाजीबाबा आणि माती मळायच्या त्यांच्या बायको, गोदूबाई. दोघांचे केस याच अंगणात पांढरे झाले होते. रांजणावर बोट वाजवून रखमाजीबाबा सांगायचे, "हा वाळला, हा ओला आहे." आणि ते खरंच असायचं.

त्याच गावात दिगंबर राहायचा. शहरातल्या कचेरीत काही वर्षं काढून आलेला. गावात इंग्रजी येणारा तो एकटाच. भट्टीची पत्रं तोच वाचायचा आणि तोच लिहायचा. लोक त्याला मास्तर म्हणायचे. तो कुठल्या शाळेत शिकवत नव्हता, पण ते ऐकायला त्याला फार आवडायचं.

त्या वर्षी नवल घडलं! एलनबाई नावाची परदेशी कुंभारीण गावात आली. दोन दिवस तिने सगळ्यांबरोबर मातीत हात घातले आणि जाताना चक्क चाळीस रांजण सांगून गेली. एवढं मोठं काम भट्टीला कधीच मिळालं नव्हतं. सगळे झपाटल्यासारखे कामाला लागले. त्यातले वीस रांजण त्या दोन दिवसांत तिच्यासमोरच घडले होते. उरलेले वीस घडवून होतात न होतात, तोच तिचं पत्र आलं.

सगळे दिगंबरभोवती जमले. पत्रात तीनच ओळी होत्या. पहिली ओळ होती, 'फायर द ओल्ड वन्स फर्स्ट.'

दिगंबर थबकला. कचेरीत साहेबाने एका कारकुनाला फायर केलं होतं, म्हणजे कामावरून काढून टाकलं होतं. इथेही तेच असेल का? मनात शंका आली. पण इतके डोळे त्याच्याकडे लागले होते! त्याने घसा साफ केला आणि वाचलं, "म्हाताऱ्यांना आधी काढून टाका. ते वाळून गेलेत. नव्यांना वेळ द्या."

सगळे रखमाजीबाबा आणि गोदूबाईंकडे पाहू लागले.

"नीट वाचलंस ना, दिगू?" हौसाबाईने विचारलं.

"एकेक शब्द," दिगंबर म्हणाला.

हौसाबाई रात्रभर तळमळली. बाईचं ऐकलं नाही आणि काम हातचं गेलं तर आठ घरांचं काय होणार? सकाळी तिने डोळे पुसत दोघांना निरोप दिला. रखमाजीबाबांनी भट्टीच्या तोंडावरून एकदा हात फिरवला आणि लेकीच्या गावी जायला गाठोडं बांधलं.

इकडे भट्टीवरची तरणी माणसं म्हणाली, "बाबा नसले म्हणून काय झालं? भट्टी आम्हीही लावू!" आणि त्यांनी चाळीसच्या चाळीस रांजण आत रचायला घेतले.

दुपारी दिगंबर एलनबाईला उत्तर लिहायला बसला. फायर शब्द नीट लिहावा म्हणून त्याने शब्दकोश उघडला. गोळी झाडणे. पेटवणे. स्फुरण देणे. कामावरून काढणे. आणि पाचवा अर्थ होता, मातीची भांडी भट्टीत भाजणे!

दिगंबरने पत्र पुन्हा वाचलं. जुने रांजण आधी भाजा, ते वाळलेत. नव्यांना वेळ द्या. बाईने एवढंच लिहिलं होतं! त्याने खिडकीतून पाहिलं. नदीकडून धूर वर चढत होता. भट्टी पेटली होती, आणि आत वीस ओले रांजण होते! जाळ लागला की ओली भांडी फुटतात.

तो पायात चप्पलही न घालता फाट्याकडे धावत सुटला. ओल्या रांजणांना आता रखमाजीबाबाच वाचवू शकत होते. धावता धावता त्याच्या मनात आलं, बाईचं दुसरं पत्र आलं असं सांगून टाकू. कोणाला कळणार आहे? गावात इंग्रजी येतंय कुणाला?

फाट्यावर एस.टी. उभी होती. रखमाजीबाबांचा एक पाय पायरीवर होता.

"बाबा, थांबा!"

गोदूबाई वळल्या. "मास्तर, एवढंच सांग. आमचं काय चुकलं, असं लिहिलंय बाईने?"

खोटं उत्तर अगदी ओठावर होतं. पण त्या डोळ्यांकडे पाहून ते बाहेर पडेना.

"तुमचं काही चुकलं नाही," दिगंबर धापा टाकत म्हणाला. "माझं चुकलं. बाईने जुने रांजण आधी भाजायला सांगितले होते. मला तो शब्द नीट कळला नव्हता आणि तसं म्हणायची लाज वाटली."

एस.टी.तली माणसं माना बाहेर काढून ऐकत होती. रखमाजीबाबांचं लक्ष मात्र धुराकडे गेलं.

"भट्टी कुणी लावली? आत काय आहे?"

"सगळे रांजण, बाबा. ओलेसुद्धा."

"गोदू, गाठोडं तू आण!" एवढं ओरडून म्हातारबाबा पळत सुटले. दिगंबरला त्यांच्या मागे धावताना दम लागला.

ते पोचले तेवढ्यात आतून आवाज आला. फाट! एक रांजण फुटला. लगेच दुसरा. अंगणात एकच आरडाओरडा झाला.

"जाळ बाहेर ओढा!" रखमाजीबाबा गरजले. "वरून भट्टी उघडू नका, रांजणांना गार वारं लागेल! ओढा, ओढा!"

सगळ्यांनी मिळून जळती लाकडं बाहेर ओढली. आणखी एक आवाज झाला. मग शांतता. रखमाजीबाबा भिंतीला कान लावून उभे राहिले. बऱ्याच वेळाने ते हसले. तीन गेले होते. सदतीस वाचले होते!

दिगंबरने सगळ्यांसमोर पुन्हा आपली चूक सांगितली. कुणीतरी रागाने म्हणालं, "ह्याच्याकडून पत्रं काढून घ्या."

हौसाबाई रखमाजीबाबांच्या पाया पडली. मग म्हणाली, "मीही एका कागदावर विश्वास ठेवला आणि माणसांना विचारलं नाही. पत्रं दिगूच वाचेल. फक्त कळलं नाही, तर नाही म्हणायचं."

महिन्याने एलनबाईचं नवं पत्र आलं. सगळे जमले. दिगंबर दुसऱ्याच ओळीवर अडला. त्याने मान वर केली.

"हा शब्द मला माहीत नाही. शोधून सांगतो."

कुणी हसलं नाही. रखमाजीबाबा ओट्यावर जरा सरकले आणि शेजारची जागा दाखवत म्हणाले, "बस, शोध. आम्ही थांबतो."

तात्पर्य: 'मला कळलं नाही' म्हणायची लाज क्षणभराचीच असते. ती टाळण्यासाठी कळल्याचं सोंग केलं, तर त्याचा चटका दुसऱ्यांना बसतो.