चुलीमागे वाटा

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि गावाला एकच ओढा होता. पावसाळ्यात तो दांडगाई करायचा. उन्हाळ्यात त्याची धार तुटायची, नुसती डबकी उरायची. त्यातला एक डोह मात्र कधी आटला नाही. वर करंजाची सावली, खाली काळं थंड पाणी. गाव त्याला कोंड म्हणायचं.

कोंडावर दोघांचा हक्क होता. दिवस कलला की रान पाण्यावर यायचं. भेकर यायचं, साळिंदर यायचं. पाणमांजरं, ज्यांना गावात ऊद म्हणत, ती तर काठच्या बिळातच नांदायची. दिवसा कोंड बायकांचा. पण बायका त्यात घागर बुडवत नसत. कोंडाच्या खालच्या अंगाला वाळूत खड्डा खणत. त्याला म्हणत झिरा. कोंडाचं पाणी वाळूतून गाळून झिऱ्यात पाझरायचं. ते वाटीवाटीनं घागरीत भरायचं. तेच पाणी सगळ्या गावाच्या पोरांनी प्यायचं.

त्या गावाचा एक रिवाज होता. ओढ्यात किंवा रानात जे काही मिळेल, त्याचा चुलीमागे, म्हणजे घरटी, एक वाटा. कुणा म्हातारीची, कुणा आजाऱ्याची चूल उपाशी राहू नये म्हणून वाडवडिलांनी घातलेला रिवाज. रिवाज चांगला होता. चांगला रिवाज वाईट हातात गेला की त्याचं काय होतं, ते ऐका.

धाकू गावकर हा गावचा पुढारी. त्याच्या लेकाच्या साखरपुड्याला पाहुणे यायचे होते, आणि पाहुण्यांना ताजे मासे खिलवायचे असं त्यानं बोलून ठेवलं होतं. पूर्वी लोक उन्हाळ्यात गेळफळं ठेचून डबक्यात टाकत. मासा गुंगायचा. हवा तेवढा उचलायचा, उरलेला संध्याकाळी शुद्धीवर येऊन पोहायला लागायचा. कोंडात तर तेवढंही कुणी करत नसे. पण गेळफळं गोळा करायला रान तुडवावं लागतं, ठेचायला हात दुखवावे लागतात. धाकूच्या पडवीत आंब्यावर फवारायच्या औषधाचा डबा होता.

"मासा गुंगला काय आणि मेला काय, कालवण एकच," धाकू म्हणाला, आणि गड्याकरवी तो डबा कोंडात ओतवला.

कोंड पांढरा झाला. लहान-मोठा सगळा मासा पोट वर करून तरंगला. बोटाएवढी पिल्लंसुद्धा.

गावाच्या टोकाला सुगंधा राहायची. नवरा बंदरावर कामाला. घरात सासू आणि लहानगी आवडी. सुगंधा तशी भित्री बाई. पोरीला शिंक आली तरी ती ओवा भाजायला धावायची. दुपारनंतर गावकराचा गडी पानात बांधलेला वाटा घेऊन दारात आला, तेव्हा तिनं पान उघडलं आणि नाक मुरडलं.

"वास कसला येतोय हो याला?"

"माशाला माशाचा वास येणार, वहिनी. अत्तराचा कुठून यायचा?" गडी म्हणाला. "घ्या मुकाट्यानं. सगळ्यांनी घेतलाय."

"कोंडातले ना?"

गड्यानं पाटी उचलली. तो पुढच्या दाराला गेला.

सुगंधाला वाटलं, पान उचलावं आणि उकिरड्यावर टाकावं. सासू म्हणाली, "वाटा टाकशील तर उद्या घराला आग लागली तरी कोण धावायचा नाही गो. सगळ्यांनी खाल्लं ते आपण खायचं." म्हातारीनं कालवणात दोन आमसुलं जास्त टाकली. वास दबला. आवडीला मासा फार आवडायचा. तिनं दुसऱ्यांदा मागितला, तेव्हा सुगंधानं आपल्या ताटातला काढून दिला.

सकाळी ती घागर घेऊन ओढ्यावर निघाली. गावकराच्या परसात कोंबडीची पिसं वाऱ्यावर उडत होती. तिनं बघितलं आणि पुढं गेली.

झिऱ्यावर फेस होता. काठावर ऊदीण मरून पडली होती, तोंडाजवळ अर्धा खाल्लेला मासा. तिची दोन पिल्लं तिला ढुशा देत होती. बारीक शीळ घातल्यासारखी ओरडत होती. सुगंधाचं लक्ष पिल्लांवर टिकलं नाही. ते अर्ध्या माशावर खिळलं. आपण काल ताटातून काढून दिला तो मासा तिला दिसला. घागर तिथंच टाकून ती घराकडं पळाली.

आवडी उंबऱ्यात ओकत होती. डोळे पांढरे झाले होते.

रिक्षा मिळाली, रस्ता मोकळा होता, दवाखान्यात डॉक्टर जागेवर होते. एवढं सगळं जुळून आलं म्हणून आवडी वाचली. यातलं एक जरी चुकलं असतं तर? सुगंधाला तो विचार रोज यायचा, आणि येताना राग घेऊन यायचा. राग गावकराचा होता, गावाचा होता. पण सगळ्यात मोठा राग त्या ताटातून मासा काढणाऱ्या स्वतःच्या हाताचा होता.

ती परत आली तेव्हा गावात कुजबूज होती. कुणाच्या घरी सगळ्यांना जुलाब झालेले, कुणाचं वासरू ओढ्यावर पाणी पिऊन आडवं झालेलं. बायका लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत होत्या.

"मग गावकराला कुणी विचारलं का?" सुगंधानं विचारलं.

"विचारायचं कुठल्या तोंडानं?" शेजारीण म्हणाली. "त्याच तोंडानं खाल्लंय ना."

सगळं गाव असं गप्प होतं. पोरं आजारी पडली तरी गप्प. जणू वाट्याबरोबर गावानं जीभही गिळली होती.

मग देवळात गावकी बसली. पुरुष पुढं, बायका मागं खांबांना टेकून. धाकू गावकर म्हणाला, "उन्हाळा कडक आहे. पाणी नासलं. पंचायतीला सांगून टँकर मागवू." मागून कुणीतरी पुटपुटलं, पाणी उन्हानं नासलं का औषधानं. धाकूनं मान वळवली आणि शांतपणे म्हणाला, "ज्याच्या चुलीवर तो मासा शिजला नाही, त्यानं उभं राहून बोलावं. बाकीच्यांनी उगाच तोंड वाजवू नये."

सभा पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागली.

सुगंधा उठली. खांबाचा आधार सोडून ती पुढं आली.

"का गो, तुझ्याकडं वाटा पोचला नाही वाटतं?" धाकू हसला. त्याच्याबरोबर चारजण हसले.

"पोचला, मामा. मी खाल्ला. पोरीलाही भरवला. म्हणून तर बोलते. न खाणाऱ्याला त्याची चव काय माहीत?"

"बायकांनी गावकीत बोलायचा रिवाज नाही."

"कोंडात विष ओतायचा होता?"

आता कुणी हसलं नाही.

"वाटताना तुम्ही चुली मोजल्यात," सुगंधा म्हणाली. "ओतताना किती चुलींना विचारलंत? ते पाणी गावाचं होतं, रानाचं होतं. ती ऊदीण पिल्लांसकट आमच्या आधीपासून तिथं नांदत होती. तिला कुणी विचारलं? तुम्ही वाटा नाही दिलात, मामा. बूच दिलंत. एकेका चुलीच्या तोंडाला एकेक बूच."

"माझ्या एकट्याला काय बोलतेस? सगळं गाव जेवलं."

"सगळं नाही." सुगंधाला ती पिसं आठवली. "दुसऱ्या दिवशी तुमच्या परसात कोंबडीची पिसं उडत होती. पाहुणे माशाला आले होते ना? मग कोंबडी कुणासाठी कापलीत?"

धाकूच्या कपाळावर आठी पडली. त्यानं बायकोकडं बघितलं. ती मागं खांबाशी बसली होती. तिनं पदर ओढून घेतला.

मग ती खाली बघूनच म्हणाली, "मासा चुलीवर चढायच्या आधीच पाहुण्यांनी नाक धरलं. म्हणाले, याला औषधाचा वास मारतोय. आमच्याकडं तो शिजलाच नाही. मग यांनी सांगितलं, टाकू नका, गावाला वाटून टाका."

पुढं बसलेल्या पुरुषांनी माना वळवून धाकूकडं बघितलं.

"मग बोला, मामा," सुगंधा म्हणाली. "ज्याच्या चुलीवर शिजला नाही त्यानं बोलायचं, असं तुम्हीच म्हणालात. अख्ख्या गावात तशी एकच चूल आहे."

धाकूनं टोपी सारखी केली. बोलली ती सुगंधाची सासू. "शिजव म्हणून हिला मीच सांगितलं. आमसुलं मीच टाकली. माझ्याही तोंडातलं बूच निघालं म्हणून समजा, आणि आता ते परत बसायचं नाही." मग ज्याचं वासरू गेलं होतं तो उठला. मग शेजारीण उठली. आणि मग कोण उठलं नाही ते सांगणं सोपं होतं.

गावकीनं रिवाज मोडला नाही. उलटा केला. चुलीमागे वाटा, पण घ्यायचा नाही, द्यायचा. घरटी एक माणूस कोंडातला नासलेला गाळ उपसायला. घरटी एक माणूस उन्हाळाभर पाळीनं राखणीला. ओढ्याच्या वरच्या अंगाला फवारणीचा पंप कुणी धुवायचा नाही, करंजाची फांदी कुणी तोडायची नाही. आणि पाऊस येईपर्यंत धाकू गावकरानं स्वतः बैलगाडी जुंपून लांबच्या विहिरीचं पाणी प्रत्येक दारात पोचवायचं, चुलीमागे एक पिंप. शेवटचं दार सुगंधाचं होतं. ती पिंप उतरवून घ्यायची, आणि धाकूदेखत आधी वास घ्यायची.

पुढं पाऊस आला, कोंड धुवून निघाला. वर्षा-दोन वर्षांनी वरच्या डबक्यांतून मासा उतरला. भेकरं परतली. झिरा पुन्हा पाझरायला लागला. ऊद मात्र आले नाहीत. ती दोन पिल्लं कुठं गेली, कुणाला कळलं नाही. सुगंधा अजून घागर भरण्याआधी एकदा त्या रिकाम्या बिळाकडं बघते, आणि अजून तिचा राग गेलेला नाही. तो जाऊ नये म्हणूनच ती बघते.

तात्पर्य: लुटीतला वाटा भूक भागवायला नाही, तोंड बंद करायला दिलेला असतो. तो चुकून पोटात गेला तरी जीभ विकली जात नाही. आणि पाण्यावर, रानावर ज्याला हक्क हवा, त्यानं राखणीतला वाटा आधी उचलावा.