आज्याच्या चेहऱ्याची कड

फार जुनी गोष्ट आहे. गावात अजून वीज यायची होती, रस्ता यायचा होता, आणि चैत्र लागला की डोंगरापलीकडची माणसंही चालत सोंगं बघायला यायची, त्या दिवसांतली.

त्या डोंगरातल्या गावात लहानू नावाचा एक म्हातारा राहायचा. नाव लहानू, पण माणूस दारात उभा राहिला की घरात अंधार व्हायचा एवढा धिप्पाड. चैत्रात देवीच्या उत्सवाला गावकरी मोठमोठे लाकडी मुखवटे चढवून नाचायचे. कोणी देव व्हायचा, कोणी वाघ, कोणी हत्ती. राक्षसाचं सोंग मात्र लहानूच्याच घरात होतं. त्याच्या बापानंतर ते त्याच्याकडे आलं होतं.

दिवस मावळायला लागला की संबळ वाजायचा, टेंभे पेटायचे आणि लाल जिभेचा, सुळेवाला राक्षस गल्लीतून निघायचा. दारं धडाधड लागायची. पोरं आईच्या लुगड्यात तोंड लपवायची. आया तर वर्षभर त्याच्याच नावावर पोरांना जेवू घालायच्या. "खातोस का बोलवू राक्षसाला?" म्हटलं की घास खाली उतरायचा.

लहानूला दारांचा तो आवाज फार आवडायचा. देवाचं सोंग घेणाऱ्याला फुलं मिळतात, पण दारं कोणासाठी लागतात? माझ्यासाठी! असं तो मिशीत हसून सांगायचा. बापाने घालून दिलेला एक नेम तो कसोशीने पाळायचा. मुखवटा चढवायचा आणि उतरवायचा तो देवळाच्या मागे, कोणाच्या नजरेस न पडता.

लहानूला एक नात होती, बुधी. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. आज्याच्या खांद्यावर बसून ती रानात जायची, त्याच्या हातचीच करवंदं खायची. पण एका चैत्रात ती खेळता खेळता देवळाच्या मागे गेली. तिथे राक्षस उभा होता. बघता बघता त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं उपटून काढलं, आणि आतून तिचा आजा निघाला.

बुधी ओरडलीसुद्धा नाही. मुकाट्याने घरी गेली आणि त्या दिवसापासून आज्याजवळ फिरकेनाशी झाली. तो ओटीवर आला की ती चुलीमागे जायची. तो करवंदांचा द्रोण उंबऱ्यावर ठेवायचा, ती त्याला हातही लावायची नाही. "पोरगी मोठी झाली, लाजते," असं लहानू लोकांना सांगायचा. रात्री त्याला जेवण जायचं नाही.

त्याच सुमारास गावात बालवाडी सुरू झाली. देवळाच्या ओवरीतच भरायची. शेवंताबाई नावाच्या तरुण बाई शिकवायला आल्या होत्या. पुढचा चैत्र जवळ आला तसं पोरांच्या बोलण्यात राक्षस यायला लागला. कोणी झोपेत दचकतं, कोणी एकटं विहिरीकडे जात नाही, हे बाईंच्या कानावर आलं.

बाईंनी पोरांना कामाला लावलं. जुने कागद पाण्यात भिजवले, कुटले, त्यात पिठाची खळ घातली. प्रत्येकाला एकेक मडकं पालथं घालून दिलं. त्यावर लगदा थापायचा, नाक उचलायचं, डोळ्यांना भोकं पाडायची. उन्हात वाळवल्यावर गेरू, हळद, चुना आणि काजळ. ओवरीत वाघ, घुबडं आणि माकडं ओळीने वाळत पडली. मग खेळ सुरू झाला. मुखवटा लावलेल्या पोराला सगळ्यांनी विचारायचं, "तू कोण?" तो गुरगुरायचा, "मी वाघ!" मुखवटा काढला की पुन्हा विचारायचं, "आता कोण?"

"आता मी रामा!"

आणि सगळी ओवरी हसायची.

बुधीने सुरेख ससा केला होता. पण तो ती तोंडाला लावेना.

"का गं बुधे? घट्ट होतो का?" बाईंनी विचारलं.

बुधीने सशाचे कान चाचपले. मग हळूच म्हणाली, "बाई, राक्षस माझ्या आज्याचा मुखवटा लावून आमच्या घरात राहतो. माझा खरा आजा कुठं गेला, ते कोणालाच ठाऊक नाही. मी ससा झाली आणि मग बुधी परत आलीच नाही तर?"

त्या दुपारी बाई लहानूच्या अंगणात गेल्या आणि बुधीचा शब्द न् शब्द त्याला सांगितला. म्हातारा खाली बसला.

"बाबा, उद्या मुखवटा घेऊन ओवरीत या," बाई म्हणाल्या. "पोरांसमोर चढवा आणि पोरांसमोरच उतरवा."

"भर उजेडात? बाई, आमच्या बापाचा नेम आहे तो. पोरांनी एकदा आतलं बघितलं की राक्षसाचा दरारा काय राहणार?"

"नाही राहायचा कदाचित. मी खोटं कशाला सांगू? दरारा हवा की बुधी, हे तुम्हीच ठरवा."

बाई गेल्या. लहानूला बाप आठवला. बाप गेल्यावर गाव हळहळलं होतं, पण लहानूला रडू फुटलं नव्हतं. लहानपणी त्या राक्षसाच्या धाकाने तो बापाच्या मांडीवर कधी बसलाच नव्हता. बापाची मिशी मऊ होती की राठ, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. नेम बापाचा होता खरा, पण त्या नेमापायी बाप घरात परकाच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी लहानू घोंगडीत गुंडाळलेला मुखवटा घेऊन ओवरीत आला. पोरं भिंतीला चिकटली. त्याने घोंगडी सोडली आणि मुखवटा जमिनीवर उताणा ठेवला. आतून ते नुसतं कोरलेलं लाकूड होतं. कपाळाच्या जागी जुन्या धोतराची घडी शिवलेली, घामाने काळी पडलेली. रामाने धीर करून आत डोकावलं.

"ए, आत कोणीच नाही!"

मग एकेक हात पुढे आला. कोणी सुळे चाचपले, कोणी जीभ ओढून पाहिली. लहानूने मुखवटा चढवला. दोघं-तिघं रडली. त्याने लगेच उतरवला. "आता कोण?" बाईंनी विचारलं. "लहानू आजा!" पुन्हा चढवला, पुन्हा उतरवला. थोड्या वेळाने रडणारी पोरंच "अजून एकदा!" म्हणून ओरडायला लागली.

बुधी तेवढी खांबाआड उभी होती. तिला त्या लाकडाची भीती वाटतच नव्हती. तिला भीती होती ती लाकूड निघाल्यावर दिसणाऱ्या चेहऱ्याची.

लहानूच्या ते ध्यानात आलं. त्याने मुखवटा दूर सारला, मांडी घातली आणि डोळे मिटून घेतले.

"बुधे, मुखवट्याला कड असते. ये, माझ्या तोंडाला कुठं कड लागते का बघ. लागली तर खुशाल ओढून काढ."

बुधी एकेक पाऊल टाकत आली. तिची इवली बोटं त्याच्या कानामागून फिरली, हनुवटीखाली गेली, कपाळावरच्या केसांत शिरली. कुठेच कड लागेना. शेवटी तिने दोन्ही मुठींत मिशी धरली आणि जीव खाऊन ओढली.

"आई गं!" लहानूच्या डोळ्यांत पाणीच आलं.

बुधीने हात सोडले. सगळ्यांकडे वळून तिने मोठ्यांदा सांगितलं, "हा निघत नाही. हा आजाच आहे!" आणि ती त्याच्या मांडीवर जाऊन बसली. लहानूच्या डोळ्यांतलं पाणी मिशी दुखल्याचं म्हणावं, तर ते दिवसभर थांबलं नाही.

उत्सवाच्या दिवशी संबळ वाजला, राक्षस गल्लीत आला, आणि एकही दार लागलं नाही. पोरं दारादारात उभी राहून खुशीने किंचाळत होती. "दरारा घालवला म्हाताऱ्याने," गावातले जाणते कुरकुरले. लहानूलाही मुखवट्याआड क्षणभर चुकल्यासारखं वाटलं. पण त्या वर्षी तो नाचला तसा कधीच नाचला नव्हता.

नाच संपल्यावर तो देवळाच्या मागे गेला नाही. पायरीवरच बसला आणि सगळ्यांदेखत त्याने मुखवटा उतरवला. मुखवट्यात किती उकडतं हे आता गावातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. पोरं धावत आली, पळसाची पानं हलवून त्याला वारा घालायला लागली. कोणी घाम पुसला, कोणी तांब्या पुढे केला.

ती पोरं पुढे मोठी झाली, कामधंद्याला लांब लांब गेली. राक्षसाची आरोळी कशी होती ते त्यांना आज नीटसं आठवत नाही. पण चैत्रात पळस दिसला की त्यांना पायरीवर बसलेला तो थकलेला, हसरा म्हातारा आठवतो, आणि पानांचा तो वारा अंगावर येतो.

तात्पर्य: धाक दाखवला तर लोक वाट सोडून उभे राहतात; पण कोणी जवळ येऊन बसावं असं वाटत असेल, तर आपला खरा चेहरा आपणच आधी पुढे करावा लागतो.