सगळ्या गाडीला विचारलंत

भोकरदनहून जालन्याला निघालेल्या एसटीत माजी सभापती रंगनाथराव फोनवर बोलत होते. सभेत बोलायची सवय, त्यामुळे आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. पुढच्या बाकावर शबाना तापलेल्या तान्ह्याला छातीशी धरून बसली होती. बाळ दर वाक्याला दचकत होतं, पण एवढ्या मोठ्या माणसाला सांगायचं कुणी?

रंगनाथराव मुलासाठी स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाला म्हणाले, "मुलगी शिकलेली आहे हो, पण सावळी आहे. उंचीही बेताचीच. करावी की नाही? तुम्हाला काय वाटतं?"

"करून टाका!" शेजारून उत्तर आलं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुगंधाबाई बोलल्या होत्या.

रंगनाथराव खवळले. "तुम्हाला कोणी विचारलं?"

"साहेब, एवढ्या मोठ्यानं विचारलंत, मला वाटलं सगळ्या गाडीलाच विचारताय."

मागून एकानं हात वर केला. "आमचीही पसंती आहे!"

लोकांनी तोंडाला रुमाल लावले. सुगंधाबाई मात्र हसल्या नाहीत. हलक्या आवाजात म्हणाल्या, "फक्त या बाळाला तेवढं विचारू नका. दोन रात्री तापानं झोपलं नाही. आत्ता कुठं डोळा लागतोय."

रंगनाथरावांनी पुढं वाकून पाहिलं. बाळाचे ओठ सुकले होते. आईचेही. त्यांनी फोन बंद केला आणि उठून तिच्या खिडकीची काच ओढून घेतली.

जालना आलं तेव्हा बाळ गाढ झोपलं होतं. रंगनाथराव उतरले, ते करकरणाऱ्या कोल्हापुरी वहाणा हातात घेऊन.