निळा माठ

फार जुनी गोष्ट. आठवडी बाजारात धोंडाई कुंभारीण माठ विकायला बसे. त्यातला एक अगदी साधा होता, ना नक्षी ना रंग. पण त्याच्या अंगातून बारीक पाझर सुटे, आणि त्यामुळे आतलं पाणी गारेगार होई. गिऱ्हाइकांना कळावं म्हणून धोंडाई तो भरूनच ठेवी.

एक बाई आली. साध्या माठावरून हात फिरवला, कुठे तडा नव्हता. पण हात ओला झाला. "अगं बाई, हा तर गळतोय!" म्हणत तिने शेजारचा चकचकीत निळा, मोर काढलेला माठ उचलला. तिचं बघून मागच्या दोघींनीही निळेच नेले.

"गळत नाही हो, पाणी गार करतोय!" माठ कळवळून सांगत होता. पण माठाचं कोण ऐकतंय!

जाता जाता निळा माठ म्हणाला, "रंग लावून घे बाबा. श्वास कोंडतो, पण घर तरी मिळतं."

शेवटी धोंडाईने जड हाताने त्यालाही निळा रंग फासला, वर मोर काढला. पुढच्या बाजारात तो हातोहात खपला, एका बाईच्या घरी गेला.

भर उन्हात तिचा घरधनी आला, एक घोट प्यायला आणि थुंकला. "शी! कोमट!"

माठाने जिवाच्या आकांताने पाझरायला बघितलं. रंगातून एक थेंब बाहेर येईना.

"हल्ली मातीच चांगली राहिली नाही," बाई म्हणाली. त्याला उकिरड्यावर टाकून ती बाजाराला निघाली. या वेळी तिला हिरवा हवा होता, दोन मोरांचा.