कडीची पायरी

जपून हं! तिथं वाकून बघा. हो, दाराची कडीच आहे ती. जिन्याच्या पायरीला कडी बघून सगळेच चक्रावतात, आणि तुमच्यासारखे पुनर्विकासाची मापं घ्यायला आलेले तर हमखास. ती टेप ठेवा खाली. आधी ऐका, मग मोजा काय मोजायचं ते.

ही त्रिलोकेकर बिल्डिंग. लढाईच्या काळात सरकारनं भाडी गोठवली, ती गोठली ती गोठलीच. मालक मोरोबा त्रिलोकेकर तळमजल्यावर राहायचे. भाड्यातून घरपट्टीसुद्धा सुटेना, असं सांगतात. एका गणेशोत्सवात आरती संपल्यावर सगळ्यांदेखत त्यांनी शपथ घेतली, भाडं वाढेपर्यंत या इमारतीत नवी फळी येणार नाही. भाडेकरूंचं तरी काय चुकलं? भाडं वाढलं तर बिऱ्हाड उचलून जायचं कुठं? दुरुस्तीसाठी ते कोर्टात गेले. दावा दाखल झाला वरच्या मजल्यावरच्या आत्माराम तोरस्करांच्या नावानं. अहो, मोरोबा आणि आत्माराम म्हणजे लहानपणापासूनचे दोस्त! त्या दिवसापासून बोलणं बंद. ऐकीव गोष्ट, पण मला अजून वाईट वाटतं.

पुढं जिन्याच्या मधल्या तीन पायऱ्या ओळीनं मोडल्या. मालक शपथेपायी हात लावीनात. भाडेकरूंना त्यांच्या वकिलानं बजावलेलं, मालकाच्या परवानगीवाचून खिळा जरी ठोकलात तरी फेरफार केला म्हणून जागा जाईल. झालं! पोरंटोरं, बायाबापड्या, सगळे कठडा धरून उड्या मारायला लागले. आत्मारामांना मात्र अर्धांगाचा झटका आला आणि ते वरच अडकले.

अशात त्यांच्या कुमुदचं लग्न ठरलं. मांडव खाली चौकात. खुर्चीत बसवून बापाला आणावं, तर खुर्ची धरणाऱ्यांनी उडी कशी मारायची? आणि परवानगी मागायला आत्माराम कुणाला मालकाच्या दारात जाऊ देईनात. "मी गॅलरीतूनच अक्षता टाकीन," म्हणाले, "कन्यादान तिचा काका करील." पोरगी रडून रडून बेजार झाली, पण बाप हटेना.

हे मोरोबांच्या कानावर गेलं. कुमुद त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. हळदीच्या दिवशी ते जेवलेच नाहीत म्हणे. लग्नाच्या सकाळी उठले आणि आपल्याच घराचं सागवानी दार बिजागऱ्यांतून उतरवून करवतीनं कापायला बसले. बायको ओरडली, "अहो, हे काय आरंभलंय?"

"नवी फळी आणणार नाही म्हणालो होतो," ते म्हणाले. "ही जुनी आहे."

त्या दाराच्या तीन पायऱ्या झाल्या. मधलीच्या कडेला कडी राहून गेली. काढायला वेळ होता कुठं? मुहूर्त जवळ आलेला. मोरोबा तसेच भुसा भरल्या अंगानं वर गेले.

"आत्म्या, ऊठ. पोरगी खोळंबलीय."

"मोऱ्या, दावा मी मागे घेणार नाही हं."

"नको घेऊस. खांद्यावर हात टाक आधी."

दोघं रडत रडतच खाली उतरले असं सांगतात. कन्यादान बापाच्या हातून झालं. संध्याकाळी लेक सासरी गेली, घर खायला उठलं, तेव्हा आत्माराम काठी टेकत मोरोबांकडे निघाले. पण थाप मारायची कशावर? दारच नाही! मग त्यांनी पायरीवरची कडी काठीनं वाजवली. आतून मोरोबांचा आवाज आला. मालकांकडे जायचं तर आधी ही कडी वाजवायची, हा तेव्हापासूनचा रिवाज.

आजही त्रिलोकेकरांच्या घराला दार नाही, पडदा आहे. दर दिवाळीला तो वरच्या बिऱ्हाडांतून नवा शिवून जातो. दावा? तो चालूच आहे की, आता दोघांचे नातू भांडतात. तुमच्या टॉवरात लिफ्ट असेल, घराघराला जाड दारं असतील. असू देत बापडी. पण मापं घ्यायला मालकांना विचारायचंय ना तुम्हाला? मग वाजवा कडी. अहो, पायानं काय वाजवता! वाकून, हातानं.

ऐकलंत?

"या, उघडंच आहे."