पाठीवरची खरखर

या माळावर माणसाचं पाऊल पडायच्या आधीची, एका वारुळाची ही गोष्ट. तिथल्या सगळ्या वाळव्या आंधळ्या. दारावर टणकी राखणीला असायची. येणाऱ्याला ती नाव विचारत नसे, नुसत्या पाठीवरून मिशा फिरवायची.

एकदा तिची बहीण भुरी बाहेरून परतली. "टणके, मीच गं. दमलेय, आत घे."

आवाज भुरीचा, वासही भुरीचाच. टणकीने मिशा फिरवल्या. पाठीवर बारीक खरखर होती. अशी खरखर तिला कधी लागली नव्हती, कुणी शिकवलीही नव्हती. तरी तिच्या मिशा जन्मापासून ती ओळखत होत्या. भुरीच्या अंगात बुरशी शिरली होती आणि आता तीच भुरीच्या तोंडून बोलत होती.

टणकी दाराबाहेर सरकली. "दार लिंपा," तिने आतल्यांना सांगितलं.

"अगं, पण तू बाहेर आहेस!"

"मी तिला शिवलेय. लिंपा!"

आतल्यांनी ओल्या मातीने दार बुजवलं.

काही दिवसांनी भिंतीपलीकडून दोन आवाज आले, अगदी लाडिक. "आम्हीच गं. आत घ्या ना."

राखणीवरच्या नव्या वाळवीने कोण म्हणून विचारलं नाही. तिने मातीचा आणखी एक थर दिला.